नापास धुकं

४ मार्च, मंगळवार

नापास!

आठशे मीटर. आख्खं रीळ. शिक्का इतक्या जोरात हाणला की टेबलावरची काच खणाणली. कोरी पट्टी, जिच्यावर उजेडाचा कणही पडलेला नाही, ती धुतल्यावर कशी दिसायला हवी? काचेसारखी. पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. ही दिसते भांडी विसळलेल्या पाण्यासारखी. नुसतं धुकं. आणि दाणा एवढा जाड की भिंग बाजूला ठेवून मोजावा.

आणि हे महान इमल्शन बनवणारे कोण? आमचेच! चौतीस वर्षांचा अनुभव! लेक लहान असताना विचारायची, आई, तुम्ही दोघं कारखान्यात नक्की करता तरी काय? तेव्हा सांगितलं होतं — बाबा अंधारात चांदीचं दूध करतात, ते फिल्मवर चढतं, आणि मी उजेडात बसून ते नासलंय का ते बघते. अजून त्यात बदल नाही. फक्त नासायचं प्रमाण वाढलंय.

जेवताना सांगितलं, "नापास केलंय." ताटातून मान वर नाही. पुन्हा सांगितलं. मग वर बघून, "हं? हो, हो." आठशे मीटर मातीत गेलं आणि हो हो!

७ मार्च, शुक्रवार

थोरल्यांनी — म्हणजे मालकांनी — सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं. शेजारी चिरंजीव. बाहेरून शिकून आलेत, पायात मोजे नाहीत. थोरले म्हणाले, फिल्मचा पत्रा — ज्या पारदर्शक पट्टीवर आम्ही सगळं चढवतो ती — बनवणारी जगात आता दोनच ठिकाणं उरलीत, आणि त्यातल्या एकाने पत्र पाठवलंय की हा पुरवठा शेवटचाच समजावा. यंत्राचा एक रूळ झिजलाय, तसा रूळ आता कुणी घडवत नाही. एकंदर काय, सहा महिने. त्यात काही जमलं तर जमलं, नाहीतर यंत्र भंगारात आणि जागा विकायची.

मग चिरंजीव उठले. "आपण फिल्म विकत नाही, आपण भावना विकतो."

मागून फिटर पुटपुटला, "मग पगारही भावनेतच देणार का?" मी हसले नाही. हसायचं होतं.

चौसष्ट माणसं बसली होती. एकेकाळी सातशे होती. तेव्हा कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभं राहावं लागायचं.

८ मार्च, शनिवार

ह्यांना विचारलं, कारखाना बंद झाला तर काय करणार? नळाशी उभे होते, पाठ माझ्याकडे. उत्तर नाही. दोनदा विचारलं. पाठच!

भिंतीशी लग्न लावलं असतं तर निदान तिच्यावर खिळा तरी ठोकता आला असता.

१२ मार्च, बुधवार

नापास माल चांदी काढायला पाठवतात. सगळं विरघळवून चांदी परत मिळवायची, हा तीस वर्षांचा शिरस्ता. आज गाडी भरली, दोरी बांधली, आणि चिरंजीव धावत आले. "काकू, थांबवा! ते नापास रीळ मला हवंय."

म्हटलं, "कशाला? मांडव घालायला?"

"विकायला."

मला वाटलं थट्टा. नाही! उभ्या उभ्या धुतलेली नमुन्याची पट्टी उजेडात धरून बघत होते — उलटी! — आणि म्हणतात, "काय सुंदर आहे हे. जुन्या आठवणीसारखं."

जुनी आठवण! ती चूक आहे, बाळा. चुकीला चूक म्हणतात. ह्या कारखान्याच्या नावावर धुकं बाहेर गेलं तर मी तीस वर्षं इथे बसून केलं काय? थोरल्यांकडे गेले. ते खुर्चीत पाठ टेकून म्हणाले, "वहिनी, नाहीतरी बुडतोयच. घेऊ द्या त्याला."

बापाने हात टेकले की लेकाचं फावतं.

१६ मार्च, रविवार

नणंदबाई आल्या. दोन तास बोलल्या. त्यांचे सासरे पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, हे सांगत होत्या आणि आमचे — हसले! बरं का, हसले! नणंदबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाताना दारात मला म्हणाल्या, "दादा पूर्वी असा नव्हता. तू काहीतरी बोलत असशील."

म्हटलं, "मी रोजच बोलते. तुमच्या घराण्यातच जिभा जपून वापरायची पद्धत आहे."

दार लावलं आणि ह्यांच्यावर जे तोंड सोडलं! पेपर वाचत बसले होते. पान उलटलं. बस.

२७ मार्च, गुरुवार

चिरंजीवांनी त्या रिळाचे छोटे रोल कापून डबीत भरले. डबीवर नाव छापलंय — "धुकं". लपवलंसुद्धा नाही! माझा शेरा हेच मालाचं नाव!

५ एप्रिल, शनिवार

संपलं. सगळं. आठशे मीटर तीन दिवसांत संपलं.

आज विकत घेणाऱ्यांपैकी पाच-सहाजण कारखाना बघायला आले. गळ्यात आजोबांच्या वयाचे कॅमेरे. एकाने फोटो दाखवले. एक रिकामा बाक, एक खिडकी, एक पोरगी पाठमोरी. सगळं राखाडी, किटलेलं, जणू कुणी काचेवर श्वास सोडलाय. मी म्हटलं, "चेहरा कुठे आहे?" तो म्हणाला, "चेहरा नकोच आहे." मग कॅमेरा कशाला घेतला रे, डोळे मिटायचे!

एक पोरगी माझ्या टेबलापाशी येऊन विचारते, "तुम्हाला वाटत नाही का, अचूकपणा मृत असतो?"

तिच्या हातात माझा शिक्का दिला असता कपाळावर मारायला.

तरी एक लिहून ठेवते, कुणी वाचणार नाही म्हणून. खिडकीचा तो फोटो मी परत मागून घेतला. बराच वेळ बघितला. मग परत दिला.

८ एप्रिल, मंगळवार

फर्मान! पुन्हा तसंच बनवा. पाचपट.

ह्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं, मलाही. चिरंजीवांनी टेबलावर पाणी ठेवलं, खुर्ची ओढून दिली — गरज पडली की संस्कार आठवतात. "काका, मार्चमध्ये तुम्ही नेमकं काय वेगळं केलंत?"

हे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. हल्ली सगळ्यांकडेच असं बघतात, जणू समोरच्याच्या दाताला काही चिकटलंय. मग म्हणाले, "काही नाही. नेहमीसारखंच केलं."

"तरी?"

"नेहमीसारखंच."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, कारखाना वाचायची वेळ आली तरी तोंड उघडवत नाही?" पुढे चालत गेले. मी मागे. एकटीच बोलत. शिपाई बघत होता.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिली चाचणी. चिरंजीवांना वाटतं दोष जिलेटिनचा. मार्चची पोती वेगळी होती म्हणे. शोधून आणली. ते स्वतः आणि त्यांचा इंजिनिअर, दोघं अंधाऱ्या खोलीत ह्यांच्या दोन बाजूंना उभे राहिले. मला विचाराल तर ती खोली म्हणजे ह्यांचं देवघर. तिथे लाल दिवासुद्धा चालत नाही, आमची फिल्म सगळ्या रंगांना हळवी. हे मात्र तिथे आंधळ्याने स्वतःच्या घरात वावरावं तसे वावरतात.

पट्टी माझ्याकडे आली. धुतली. उजेडावर धरली.

काचेसारखी!

पास.

अख्ख्या कारखान्यात सुतक. माझ्या पास शिक्क्याने लोकांची तोंडं उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली.

२२ एप्रिल, मंगळवार

दुसरी चाचणी, उष्णता दोन अंश जास्त. पुन्हा तेच दोघे सोबतीला.

पास.

इंजिनिअर म्हणतो, "काकू, जरा नीट बघा ना, थोडं तरी धुकं असेल." म्हटलं, "मी नसलेले दोष काढायचा पगार घेत नाही."

२९ एप्रिल, मंगळवार

तिसरी. पास. स्वच्छ, निर्मळ, देखणी फिल्म. गेल्या दहा वर्षांत एवढं सुरेख इमल्शन ह्यांनी केलं नसेल. आणि ह्यांना कॅन्टीनमध्ये कुणी शेजारी बसवून घेईना! फिटर मोठ्याने म्हणाला, "ज्याला चूक जमत नाही तो कसला कारागीर." सगळे हसले. हे पण हसले. आपल्यावर हसतायत हे कळू नये माणसाला?

माझाच जीव तुटला आणि त्याचाही राग आला.

४ मे, रविवार

लेकीचा फोन. म्हणते, "बाबा हल्ली फोनवर नुसतं हो-हो करतात. मी विचारलं काय जेवलात, तर म्हणाले हो." म्हटलं, तुझ्या बाबांना आता आपण बोलण्याच्या लायकीच्या वाटत नाही. जावई मागून काहीतरी म्हणाला. "काय म्हणतोय?" तर म्हणे, "काही नाही, कान तपासून घ्या म्हणतोय."

जावई मोठा डॉक्टरच लागून गेला! हिशेबनीस आहे.

८ मे, गुरुवार

आज साधी बॅच होती, एका जुन्या गिऱ्हाइकाची. चाचणी नव्हे, म्हणून कुणी आत गेलं नाही. हे एकटेच होते.

धुकं! गच्च! मार्चपेक्षा तसूभरही कमी नाही.

चिरंजीव नाचले. अक्षरशः. "काका, तुम्ही जादूगार आहात!" हे त्यांच्याकडे बघून पुन्हा ते हो-हो.

मी मात्र शिक्का मारून तशीच बसून राहिले. जिलेटिन तेच. उष्णता तीच. पाणी तेच. मग वेगळं काय?

माणसं. सोबत माणसं असली की पास, एकटे असले की नापास.

संगणकातून जुने निकाल काढले. गेल्या जूनपासून पाच वेळा धुकं. त्याआधी सहा-सात वर्षांत एकदाही नाही. गेल्या जूनमध्ये काय झालं? खोकल्या निवृत्त झाला. खोकल्या म्हणजे ह्यांचा जोडीदार, वीस वर्षं अंधारात बरोबर. सतत खोकायचा, म्हणून नाव पडलं. पण अंधारात तो नेमका कुठे आहे ते कळायचं. त्याच्या जागी थोरल्यांनी कुणी घेतलं नाही. बचत! कुणी मोकळं असलं तर मदतीला जातं, नाहीतर हे एकटेच.

म्हणजे एकटे असले की हे काहीतरी करतात. किंवा करत नाहीत. मुद्दाम? झोपतात? माझ्यावर सूड? एवढी अक्कल आणि एवढी चिकाटी त्यांच्यात असती तर मी त्यांना मानलं असतं.

१५ मे, गुरुवार

सावकाश लिहिते. 

आज धुक्याची बॅच लावली होती. चिरंजीवांना वाटतंय काकांना एकटं सोडलं की जादू होते, म्हणून सगळ्यांना बाहेर थांबवलेलं. मी मागच्या बाजूने आत गेले. दोन दारं, मध्ये जाड पडदा, मग वळण. उजवा हात भिंतीला लावून चालायचं. नियम असा की आत शिरणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं, म्हणजे टक्कर होत नाही. मी ओरडले, "येतेय!"

ओ नाही.

मनात आलं, घ्या. इथेसुद्धा माज.

थांबले भिंतीशी. ढवळणी फिरत होती तिचा आवाज. गरम जिलेटिनचा वास. आणि दुसरा एक आवाज, हलका, एकसुरी. आधी वाटलं जप करतायत. ह्यांनी आयुष्यात जप केलेला नाही! कान दिला.

"तीन हजार चारशे दहा. तीन हजार चारशे अकरा."

मोजत होते. मनात मोजतोय असं त्यांना वाटत होतं, पण मोजत होते मोठ्याने.

दूध दुसऱ्यांदा मुरवायचं ते बरोब्बर सत्तर मिनिटं. मग घंटा होते आणि ती झाली की त्या क्षणी गार करायचं. घड्याळ आत नसतं, त्याच्या काट्यांचा उजेडही नको. त्यासाठीच तर घंटा. मग हे मोजतात कशाला?

उभी राहिले. तीन हजार सहाशे. तीन हजार सहाशे दहा. आणि घंटा वाजली. बारीक, चिरकी, कानात सुई जावी तशी. मी दचकले.

"तीन हजार सहाशे एकतीस," हे म्हणाले. "तीन हजार सहाशे बत्तीस."

घंटा वाजत राहिली. पुरं एक मिनिट वाजते. ती वाजत असताना हे मोजत होते. त्याच संथ आवाजात. एकदा अडखळले — "सत्तावन्न... का अठ्ठावन्न?" — आणि स्वतःशीच, लहान मुलाने पाढा चुकल्यावर म्हणावं तसं म्हणाले, "अठ्ठावन्न धरू."

मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. "अहो," म्हटलं. मग जोरात, "अहो!"

"तीन हजार सहाशे साठ."

बेचाळीसशेपर्यंत, म्हणजे सत्तर मिनिटांचे सेकंद होईपर्यंत, मोजलं. मग गार पाण्याचा नळ सोडला. त्यांचा सेकंद आपल्या सेकंदापेक्षा लांब आहे, एवढाच काय तो फरक. अकरा मिनिटं जास्त मुरतं. तेच धुकं.

चाचणीच्या वेळी चिरंजीव आत होते. घंटा झाली की त्यांनी अंधारात ह्यांचा दंड धरला असणार, घाईघाईने. म्हणून पास.

आल्या वाटेने बाहेर आले. उजेडात डोळे दिपले. शिपायाने विचारलं, "काकू, बरं नाही का?"

१६ मे, शुक्रवार

पाठीमागे उभी राहून म्हटलं, "घराला आग लागलीय." केस विंचरत होते. विंचरत राहिले.

१७ मे, शनिवार

समोर बसवलं. दिवा लावून, तोंडासमोर तोंड. म्हटलं, "किती दिवस?"

ओठ वाचले. मग म्हणाले, "पाचेक वर्षं. आधी बारीक आवाज गेले. घंटा, पाखरं, फोन. आता बायकांचे आवाज जवळजवळ गेलेच."

"आणि खोकल्या?"

"तो घंटा झाली की खांद्यावर हात ठेवायचा. मी कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पाच वर्षं! बायकोला नाही, लेकीला नाही! कानाचं मशीन का नाही लावलं? तर म्हणे कारखान्याच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं असतं, आणि अंधाऱ्या खोलीत बहिरा माणूस ठेवत नाहीत. मग निवृत्ती. मग काय, दिवसभर खिडकीत बसायचं? मी म्हटलं, "आणि मी? मी भिंतीशी बोलत होते इतकी वर्षं?"

"तुला ठाऊकच होतं की," म्हणाले.

"मला? मला कोण सांगणार?"

माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं." आणि उठले.

बरं! चौतीस वर्षांत ह्या माणसाचा एक शब्द मला पुरा कळलेला नाही.

२० मे, मंगळवार

चिरंजीवांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. पण चौसष्ट घरं आहेत, आणि मोजताना माणूस रोज तेवढंच चुकेल ह्याचा भरवसा कुणी द्यावा? एखाद्या दिवशी वीस मिनिटं झाली तर नुसता कोळसा. म्हटलं, "तुमची जादू अकरा मिनिटांची आहे. सत्तरच्या जागी एक्क्याऐंशी. बाकी काही नाही."

बसलेच. "एवढंच?"

"एवढंच."

आणि मग त्यांना "का" कळायला हवं होतं. माझ्या तोंडून गेलं. विजयाची नशा चढली होती मला, खरं सांगते. दीड महिना ह्या शहाण्यांनी पोती उचकली, अंश मोजले, आणि मी एका फेरीत शोधलं — ते दाखवायचं होतं. त्या नादात नवऱ्याचे कान उघड्यावर मांडले.

चिरंजीव वाईट नाहीत. तेवढं लिहायला हवं. हळूच म्हणाले, "काकू, मग काकांना आता आत पाठवणं बरोबर नाही. काही सांडलं, कुणी हाक मारली... आणि वेळ ठरलीच आहे, तर इंजिनिअर करेल. काकांचा मोठा सत्कार करू."

सत्कार! शाल, नारळ आणि खिडकी!

म्हटलं, "तुमच्या इंजिनिअरला दूध तयार झालं ते वासावरून कळतं? ढवळणी जड झाली हे तळव्याला कळतं? ती तीन पास रीळं त्यांनी केली, तुम्ही नुसते दंड धरून उभे होतात. एक्क्याऐंशी मिनिटांत काय आहे, मोजता कुणालाही येतं! आधीचे चार तास कोण करणार?"

"पण एकटे—"

"एकटे नाही. मी जाईन आत."

माझं मलाच नवल वाटलं. तीस वर्षं उजेडाच्या टेबलाशी बसून अंधारातल्यांना शहाणपण शिकवलं. चिरंजीव म्हणाले, "आणि तपासणी?" म्हटलं, पॅकिंगमधल्या बाईंचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत. आणि तुम्हाला तसंही धुकंच हवंय, ते तर आंधळ्यालाही दिसेल.

अट घातली: डॉक्टरचा कागद होईल, कानाचं मशीन होईल, आणि हे आतच राहतील. थोरल्यांना विचारून सांगतो म्हणाले. संध्याकाळी सांगितलं — चालेल.

२१ मे, बुधवार

ह्यांना सांगितलं. तोंडासमोर, सावकाश. म्हणाले, "तू? आत? तुला अंधारात भीती वाटते."

आठवतंय म्हणजे!

२ जून, सोमवार

पहिला दिवस. मशीन अजून आलेलं नाही, यायला वेळ आहे. ठरवलं — खांद्यावर एक थाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, घंटा झाली की हात दाबायचा, आणि पुढे अकरा मिनिटांची दुसरी घंटा झाली की पुन्हा.

पहिल्या तासात तीनदा कोपर आपटलं. एकदा ह्यांच्याच पायावर पाय दिला.

आणि हे बोलतात! आत शिरले की बोलतात! ढवळणी कशी सुरू करायची, चांदी कुठल्या वेगाने सोडायची, खोकल्या एकदा कसा टाकीत पडता पडता वाचला, सगळं. लेकीच्या लग्नात मी कुठली साडी नेसले होते तेसुद्धा. चौतीस वर्षांचं तुंबलेलं! मनात आलं, उजेडात का नाही बोलत? पण म्हणणार कशी, थापच मारता येते. नंतर कळलं. उजेडात उत्तर येतं, आणि ते ऐकू येत नाही. इथे उत्तर येणारच नाही हे आधीच ठरलेलं.

मी अंधारात गप्प उभी. मी! नणंदबाईंना सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

६ जून, शुक्रवार

मागणी वाढतेय. पण तो फोटोवाला म्हणत होता, धुक्याची हौस फार तर वर्षभर, मग लोकांना दुसरं काही हवं असेल. पत्र्याचं दुसरं ठिकाण अजून सुरू आहे, किती दिवस ते त्यांनाही ठाऊक नाही. रूळ झिजतोच आहे. फिटर त्याला रोज हात लावून बघतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

चिरंजीव म्हणतात, पुढच्या वर्षी स्वच्छ फिल्मही पुन्हा विकायला काढू. "धुक्याच्या पैशावर." मोजे मात्र अजून नाहीत.

९ जून, सोमवार

पॅकिंगमधल्या बाईंना जागा द्यायची म्हणून माझं कपाट रिकामं केलं. प्रत्येक बॅचचा एक कागद असतो. वर आकडे, तेवढे संगणकात चढतात. खाली बनवणाऱ्याचा शेरा, तो कुठेच चढत नाही. आणि शेवटी तपासनीसाची "वाचलं" म्हणून सही.

गेल्या जूनपासूनचे धुक्याचे कागद वेगळे काढले. प्रत्येकावर ह्यांचं अक्षर, सुबक, एकही खाडाखोड नाही: "घंटा ऐकू आली नाही. मनात मोजून उतरवलं."

प्रत्येकाखाली माझी सही.